पाच मिनिटं हालचाल नाही

१२ जून, सकाळी

प्रिय ताईस,

नमस्कार. भावजींचा गुडघा आता बरा असेल. फोन न करता पत्र लिहितेय, कारण अप्पा पलीकडच्या खोलीतून सगळं ऐकतात. शिवाय तुझा आवाज आला की माझ्या तोंडून सगळं छानच आहे असं निघतं.

तुझ्या माश्या काय म्हणतात, असं तू चेष्टेनं विचारतेस. बऱ्या आहेत बाई. एकेका काचेच्या नळीत एकेक फळमाशी, मधोमध न दिसणारा किरण. माशीनं तो ओलांडला की नोंद होते. त्यावरून ती कधी जागते, कधी झोपते आणि उद्या कशी वागेल याचं गणित मी मांडते. पाच मिनिटं नोंद नाही, तर माशी झोपली असं धरायचं. म्हाताऱ्या माश्यांचं मात्र सगळं तंत्र बिघडतं. दिवसा डुलक्या, रात्री येरझाऱ्या. थेट अप्पाच. तुला हसू येईल, मलाही यायचं.

तसलंच एक यंत्र मी अप्पांच्या खोलीत बसवलं होतं. पलंगासमोर, भिंतीवर. ते हलले की मला फोनवर कळायचं. नाही हलले तर ‘झोप’ असं उमटायचं. तो शब्द मीच घातला होता. अप्पा झोपतात ना गं, असं तू विचारलंस की मी फोनमध्ये डोकावून सांगायचे, मस्त झोपतात.

गेल्या मंगळवारी दुपारभर ‘झोप’ होती. इतकी सलग झोप त्यांना कित्येक महिन्यांत लागली नव्हती. मी इतकी खूश, की आमच्या प्रयोगशाळेतल्या सरांना आलेख दाखवायला गेले. सर चष्मा कपाळावर ढकलून बघत राहिले आणि म्हणाले, “माशी असती तर मी आधी ती जिवंत आहे का ते पाहिलं असतं.”

 मेलेली माशीही यंत्राला झोपलेलीच दिसते, म्हणून जी पुन्हा हललीच नाही, तिच्या शेवटच्या हालचालीनंतरचं सगळं आम्ही वगळतो. हे तर माझं रोजचं काम! अप्पांच्या बाबतीत ते डोक्यातच आलं नाही. घरी कशी पोचले देव जाणे. कुलूप काढलं आणि थेट त्यांच्या खोलीत धावले.

अप्पा पलंग आणि कपाटाच्या मधल्या फटीत पडले होते. तिथवर यंत्राची नजर पोचत नाही. एक पाय अडकलेला, पलंगावरची चादर ओढून अंगावर घेतलेली, डोळे टक्क उघडे. मला बघून हळूच म्हणाले, “झोपलो नव्हतो गं. हाका मारून मारून थकलो.”

हाड मोडलेलं नाही. यापुढे त्यांना एकटं ठेवू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. आणि तरीही परवा फोनवर मी तुला ‘मस्त झोपतात’ असंच म्हणाले. जीभ कशी वळली कोण जाणे.

यंत्र काढून टाकलंय. कामावर जात नाही. आता अप्पांनी डोळे मिटले की मी हातातलं काम टाकते. पांघरूण हलतंय का ते बघत बसते. हललं की हुश्श होतं, पण ते फार टिकत नाही. काल उगीचच त्यांना दोनदा उठवलं. वैतागले. म्हणाले, “जिवंत आहे मी, जा.”

ताई, ती झोपच होती हे माणूस पुन्हा हलल्यावरच कळतं. तोवरचा वेळ मला एकटीनं काढता येत नाही. जमेल तेव्हा ये, असं मी दरवेळी लिहिते. आज तसं लिहीत नाहीये. ये.

अप्पांच्या दारात बसून लिहिणारी,
तुझी घाबरट धाकटी