माझा दम, शिट्टीचा गळा

३ मार्च

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तुझ्या सलूनच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण घरी दादा आधी उघडेल. मी ठीक. लॅबमध्ये कवळ्यांचं काम तुंबलंय. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासते आणि दादाची आठवण आली की स्वतःचे खाते.

बातमी अशी, की रेडिओवाल्या बाईंनी मला बोलावलंय. दादाच्या हेवी मेटल बँडला वीस वर्षं होतील. पहिली गायिका मी, मग उंच गळ्याचा तो शिट्टी, आता घोगरा डरकाळी. तिघांच्या काळातली गाणी शेजारी शेजारी लावून बोलायचंय.

पहिल्या अल्बमला मी आणि दादा मिळून गाणी बांधायचो. ओळी लांब, कारण तेव्हा माझा दम लांब होता. शिट्टी आला आणि ओळी तुटक झाल्या, मध्ये जीवघेणी शांतता. जाणकार म्हणाले, नव्या गायकामुळे गाण्यांना धार आली. वहिनी, ती शांतता माझ्या फुप्फुसाची आहे. न्यूमोनियात पडल्या पडल्या मी ती गाणी रचली. चार शब्दांत धाप लागायची, म्हणून ओळ तिथेच तोडायची. दादा उशाशी बसून ऐकायचा. मी बरी होऊन यायच्या आत त्याने माझ्या जागी शिट्टीला उभं केलं आणि त्या दुसऱ्या अल्बमवर छापलं, शब्द आणि संगीत एकट्या दादाचं.

तेव्हा बोलले तर लोकांना ती माझी पोटदुखी वाटली. आता डरकाळीचा अल्बम ऐक. तो मात्र खरंच एकट्या दादाचा. ओळी घरभाड्याच्या करारासारख्या लांबलचक, डरकाळी बिचारा त्यात गुदमरतोय. या वेळी मी सोडणार नाही.

मुलीला पापा. तुझ्या मायेची भुकेली,
धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता एका गिऱ्हाइकाची बट जरा जास्तच उडाली. तिला सांगितलं, हीच फॅशन आहे.

तुझं खरं आहे, मला ठाऊक आहे. पण घरचं धुणं चव्हाट्यावर का धुवायचं? पुढच्या महिन्यात विसाव्या वर्षाचा कार्यक्रम. तुझा दादा टकलावर रुमाल बांधून आरशासमोर उड्या मारतोय, खालच्या मजल्यावरच्यांनी दोनदा येऊन विचारलं, काय पडलं म्हणून. त्याला एकदा समोर बसवून विचार. मी दार लावून घेते. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.
तुझी वहिनी

२२ मार्च

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

मोडू दे काठी.

तू रेडिओवरचा कार्यक्रम ऐकलास की नाही ठाऊक नाही, म्हणून लिहिते. बाईंनी शिट्टीला फोन लावला. तो आता लिफ्ट दुरुस्त करतो. मी विचारलं, एका दमात अख्खं कडवं गाणारा तू, त्या ओळी मध्येच का तोडायचास? तो म्हणाला, तुझ्या भावाने बजावलं होतं, इथे थांबायचं म्हणजे थांबायचं. मला वाटायचं, त्याचा माझ्या दमावर भरवसा नाही.

मग मी तेच गाणं माइकवर गायले. डावं फुप्फुस आजही पुरतं भरत नाही. रेकॉर्डवर जिथे ओळ तुटते, तिथेच माझीही तुटली. मला इतकं बरं वाटलं, की परतताना माझा स्टॉप मागे पडला तरी कळलं नाही.

आता तुझं घर तापलेलं असेल. त्यात तुला चटका बसला असेल तर तेवढ्यापुरती माफी. लोभ आहे तो राहू दे.
धाकटी

२८ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

डरकाळी गेला. चोरीच्या गाण्यांवर आपल्याला नाव कमवायचं नाही म्हणाला आणि गॅरेजमध्ये माइक ठेवून चालता झाला. तिकिटं विकली गेली आहेत. तुझ्या दादाने काहीच नाकारलं नाही, एवढं तुला सांगते. तू येऊन गावंस, गाण्यांवर तुझं नाव छापतो, असं म्हणतोय. तुला लिहायला दोनदा बसला आणि दोन्ही वेळा उठून गिटारच्या तारा बदलत बसला, म्हणून मी लिहितेय.

येशील ना? वाट पाहते.
वहिनी

१ एप्रिल

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

मी गाणार नाही. त्याने स्वतः गावं, दुसऱ्या अल्बमची गाणी, आणि ती कोणाची हे आधी सांगावं. त्याचा आवाज फाटका आहे हे मला माहीत आहे. म्हणूनच.

तू रागावलीस तरी मी रागावणार नाही.
धाकटी

१९ एप्रिल

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तू पडद्याआड होतीस, म्हणून पुढून काय दिसलं ते लिहिते. मी पहिल्या रांगेत कठड्याला टेकून उभी होते. दादा माइकपाशी आला आणि म्हणाला, ही गाणी माझ्या बहिणीची. ती आजारी असताना मी घेतली आणि तिलाच बाहेर काढलं. मग गायला लागला. दुसऱ्याच ओळीला आवाज चिरकला. मागे कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. एकाने पैसे परत मागितले. दादा गातच राहिला. इतकी वर्षं मी हे मनात पाहत आले होते वहिनी, त्याहून छान झालं.

तिसऱ्या गाण्यात त्याचा दम संपला. ओळ अर्धीच राहिली, हात गिटारवर चालू, आणि तो सरळ माझ्याकडे पाहत होता. पुढचे शब्द माझ्या ओठांवर होते. मी छाती भरून श्वासही घेतला होता.

तो नाकाने सोडून दिला आणि तोंड मिटून उभी राहिले.

तुझ्यावर माझी माया आहे. तुझी उरली असेल तर कळव.
धाकटी