परिपाठातली इंग्लंडची लीग

सर, तुम्हाला फुटबॉल खरंच आवडायचा की नाही, हे मला अजून उमगलेलं नाही. तुम्ही गेलात त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मागं यवतमाळला तुमचा मुलगा भेटला, त्याला विचारलं, तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "बाबांना क्रिकेटसुद्धा समजत नव्हतं ताई, फुटबॉल कुठून आणला तुम्ही?" आता काय सांगू त्याला? सातवीचं अख्खं वर्ष तुम्ही आमच्याकडून इंग्लंडची लीग घोकून घेतली आणि घरी अवाक्षर काढलं नाहीत. मला तर चीडच आली तुमची. आणि तुम्ही एकदा माझ्या बाजूनं एक शब्द टाकला होता, त्याचं काय करायचं तेही मला कळत नाही, म्हणून लिहायला बसले.

ऑगस्टपर्यंत परिपाठात आम्ही पेपरातल्या ठळक बातम्या वाचायचो. ते कापसाचे वाईट दिवस होते. जिल्ह्याच्या पानावर रोज कुणीतरी जीव दिलेला असायचा, आणि आम्ही त्याचं गाव, वय, नाव पाढे म्हटल्यासारखं वाचून मोकळे व्हायचो. मग एका सकाळी तुम्ही म्हणालात, "आजपासून जिल्ह्याच्या बातम्या बंद. लीग वाचायची." खडूच्या डबीत चिठ्ठ्या टाकल्या, दोघादोघांना एक टीम दिली. शाळेत फुटबॉल कुठला, एक शिवलेला व्हॉलीबॉल होता, तोही तुमच्या कपाटात कुलूपबंद. दर सोमवारी तुम्ही गुणतालिकेची तेवढी पट्टी कात्रीनं कापून द्यायचात आणि उरलेला पेपर टेबलाच्या खणात टाकायचात. मला वाटायचं, सर भलतेच चिंगूस आहेत. ज्याची टीम जिंकली त्यानं पुढं येऊन स्कोर वाचायचा आणि सगळ्या शाळेनं टाळ्या वाजवायच्या, असा तुमचा नियम.

मला आणि माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला मिळून जी टीम आली, ती नेमकी तळातली. नकाशात तिचं गाव शोधायला लावलंत तेव्हा तुम्ही म्हणालात, "तिथं कापडाच्या गिरण्या होत्या. आपल्या इकडचा कापूस जाये तिथं." झालं, आम्हाला ती सासरी गेलेल्या बहिणीइतकी जवळची वाटायला लागली. शेवटच्या तीन टीम खालच्या लीगमध्ये ढकलतात, हे कळल्यापासून तर मला जेवण गोड लागेना. सोमवारपर्यंत धीर निघायचा नाही, म्हणून मी शाळेआधी स्टँडवरच्या सलूनमध्ये जाऊन उभ्याउभ्या पेपर पाहायची. दाढीला आलेली माणसं विचारायची, "काय वं पोरी, निकाल लागला काय तुया?" मी म्हणायची, "हरलो." आणि तुम्हीसुद्धा, सर, आमची टीम हरली की त्या दिवशी भूगोल शिकवताना सारखे खिडकीबाहेर पाहायचात. ते सोंग होतं का? असं सोंग वर्षभर कुणाला जमतं?

दिवाळीनंतर मैत्रिणीचे बाबा गेले. कसे गेले ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तेरवी झाल्यावर ती शाळेत आली तेव्हा तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत, "टीमचं आता इलेच वाचू दे." मी मान हलवली. आणि काय गंमत पाहा, तेव्हापासूनच आमची टीम जिंकायला लागली. चार महिने मी हरण्याचे निकाल पोटात घेऊन फिरले आणि टाळ्या तिला. ती वाचायची पण छान, हळूहळू, गोल कुणी केला ते नावासकट. वाचून झालं की थोडी हसायची. तिला हसताना पाहून तुमचा चेहरा उजळायचा, तोही मला दिसायचा.

मग तो फेब्रुवारीतला सोमवार. मी सलूनमधून पेपरचं अख्खं पान मागून आणलं होतं. प्रार्थना झाल्यावर मी हात वर केला, "सर, आज मी वाचू का? माह्याजवळ पूर्ण पान हाय." तुम्ही पट्टी कापायच्या गडबडीत होता, वर न पाहताच "वाच" म्हणालात. मी त्याच पानाची मागची, जिल्ह्याची बाजू वाचायला घेतली. सरकारी मदतीला कोण पात्र आणि कोण अपात्र, त्याची यादी होती. पहिलं नाव पात्र. दुसरं पात्र. तिसरं नाव तिच्या बाबांचं, आडनावासकट, आणि पुढं अपात्र, कारण व्यसन. माझा आवाज खणखणीत होता. ती रांगेत माझ्या समोरच उभी होती. तुम्ही झपाझप आलात, पान माझ्या हातातून घेतलंत आणि कोरड्या आवाजात म्हणालात, "आपल्या टीमचं सांग." मी म्हणाले, "जिंकली सर. दोन-एक." आणि सगळ्या शाळेनं नियमाप्रमाणे टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या.

तुम्ही मारलं नाहीत. ऑफिसात उभं करून एवढंच विचारलंत, "आधी पाहून वाचलं का न पाहता?" मी म्हटलं, "न पाहता, सर." संध्याकाळी तुम्ही मला सोबत घेऊन तिच्या घरी आलात. तिची आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तुम्ही दारातच उभे राहिलात आणि म्हणालात, "चूक माही हाय, बाई. मी पान पाहिलं नाही. या पोरीनं न पाहता वाचलं, लेकराले काय समजते." तिच्या आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि मग आम्हाला चहा केला. मैत्रीण माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "दोन-एक म्हंजे आपण आता खालून चौथे ना वं?" मी हो म्हटलं.

त्यानंतर ती परिपाठात कधी पुढं आली नाही. पाळी मला परत मिळाली. टीम पुन्हा हरायला लागली. मे महिन्याच्या सुट्टीत शेवटचा निकाल विचारायला मी तुमच्या घरी आले तेव्हा तुम्ही ओसरीवर पेपर मांडीवर घेऊन बसला होता. "गेली खाली," म्हणालात. तोवर मैत्रीण आईसोबत मामाच्या गावी, कळंबकडे, निघून गेली होती. तुम्ही म्हणालात, "तिले कोण सांगन आता?" तुम्हाला लीगचं वाईट वाटत होतं की तिचं, मला तेव्हाही कळलं नाही.

मी आता केळापूरजवळच्या शाळेत शिकवते. शनिवारी संध्याकाळी मोबाईलवर मॅच लावते, आणि आधी खालच्या लीगची तालिका काढून ती टीम कुठं आहे ते बघते. का बघते ते विचारू नका. परवा तालुक्याला प्रशिक्षणात ती भेटली, अंगणवाडी चालवते. चांगली आहे. मला मिठी मारून म्हणाली, "सर किती चांगले होते ना. तुया त काही दोष नव्हता, ते आईले सांगाले घरापर्यंत आले." मी तिला टीमचा स्कोर सांगितला.

तुम्ही असता तर हे पत्र टाकलं असतं की नाही, देव जाणे. सर, सलूनमध्ये मी ते पान दोन्ही बाजूंनी वाचलं होतं. तिच्या बाबांचं नावही वाचलं होतं. म्हणूनच ते पान मागून घेतलं.