मुरिनसाठी शहाणी घोडी

शनिवार, २९ ऑक्टोबर

नवरा घोडी बघायला गेला आणि घोडा घेऊन आला! तोही तीन वर्षांचा, पाठीवर धड खोगीरसुद्धा न टिकलेला. आमची मुरिन सात वर्षांची. आजवर बसली असेल तर सासूबाईंच्या गाढवावर, आणि ते गाढवही एका जागी उभंच होतं.

सकाळी चहा देताना फेलिमला बजावलं होतं — बाजारात नेस्टरबाई भेटतील, त्यांच्या बिड्डीचं विचार. म्हातारी, शहाणी घोडी. राउंडस्टोन गावापासून इथपर्यंतची निम्मी पोरं तिच्यावर बसायला शिकली. असली घोडी विकायला म्हणून कधी निघतच नाही. एका घरातलं पोर मोठं झालं की ती दुसऱ्या घरी जाते, आणि कुठल्या घरी जायचं ते नेस्टरबाई ठरवतात. म्हणून तर वेळेवर जाऊन तोंडाने विचारायचं होतं! ते राहिलं बाजूला. आता अंगणात ब्रॅन नावाचं हे करडं, देखणं, डोळे फिरवणारं जनावर उभं आहे आणि माझ्या कोबीकडे बघतंय.

का आणलंस म्हणून विचारलं, तर नवरा बुटाची नाडी सोडत बसला. किती वेळ सोडायची असते एक नाडी!

रविवार, ३० ऑक्टोबर

आज चर्चमधून, मिसाहून येताना गाडीत सगळं बाहेर आलं. हसावं की रडावं!

तर बाजारात याला कोलमन भेटला. कोलमनचा भाऊ बार्टली सप्टेंबरात गेला, मातीला आम्हाला जाता आलं नव्हतं. म्हणून फेलिमने हात पुढे केला — "फार वाईट झालं रे." कोलमनने तो हातात घेतला. शेजारी त्याचा ब्रॅन उभा. आणि तिकडून आला फेस्टी! हा दलाल सकाळपासून रिकाम्या हाताने हिंडत होता. त्याला दोन पुरुषांचे हात एकमेकांत दिसले, मध्ये घोडा दिसला. त्याने वरून आपला पंजा हाणला — "झाला सौदा! देव दोघांचं भलं करो!" किंमतसुद्धा त्यानेच जाहीर केली. भोवतालच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अरे, मग सांगायचं ना, मी सांत्वन करत होतो म्हणून!"

"चारचौघांत? भाऊ गेलेल्या माणसाला तोंडावर पाडू?"

"आणि पोरगी पडली तर?"

"हात दिलाय गं मी."

हात दिलाय! इथे दिलेला हात परत घेतला तर म्हणे माणसाने पुन्हा बाजारात तोंड दाखवू नये. मी शहरातली, लिमरिकची. आमच्याकडे दुकानदार न आवडलेली चप्पलसुद्धा परत घेतो.

मंगळवार, १ नोव्हेंबर

मुरिनला ब्रॅन फार आवडला आहे. आवडणारच! तिला घरी खेकडा आणून दिला असता तरी आवडला असता.

फेस्टी येऊन गेला. सोडा-ब्रेडवर बोटभर लोणी फासून मला शहाणपण शिकवत होता — "घोडा कोवळा, पोर कोवळं. बरोबरीने वाढतील की, बाई!" मी म्हटलं, "फेस्टी, नवशिक्या ड्रायव्हरला ब्रेक नसलेली गाडी देशील का?" तर म्हणाला, लोणी घरचं का? निर्लज्ज मेला.

शनिवार, ५ नोव्हेंबर

पडली. जे व्हायचं तेच झालं.

फेलिमने दोर धरला होता. दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. पण तिच्या टाचा वर येत होत्या, पाठ वाकलेली, लगाम नुसता लोंबत होता. मला बघवेना. मी कुंपणावरून ओरडले, "टाचा खाली! पाठ सरळ! सांभाळ, मुरिन!" — आणि ब्रॅन उसळला. पोरगी त्या ओल्या लव्हाळ्यात. मनगट मुरगळलं.  रडली नाही ती. उठली, माझ्याकडे बघितलं आणि सरळ घरात निघून गेली.

मी फेलिमला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. घोड्यालाही बोलले. फेस्टी समोर नव्हता म्हणून वाचला.

बुधवार, ९ नोव्हेंबर

मुरिन तबेल्याकडे फिरकत नाही. म्हणते, अभ्यास आहे. हिला आणि अभ्यास!

हेच तर मला नको होतं. मनगट बरं होईल. पण सात वर्षांच्या पोराच्या मनात एकदा भीती बसली की बसलीच. तिला घोडा किती हवा होता! दुसरं काही मागितलं नाही तिने वाढदिवसाला.

गुरुवार, १० नोव्हेंबर

फेलिमला न सांगता कोलमनकडे गेले. भांडायच्या तयारीनेच गेले होते.

त्याने खुर्ची पुसून दिली. बटाटे उकडत होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "ब्रॅन बरा आहे ना? गाजर खातो का? बार्टली रोज द्यायचा त्याला." मग समजलं. ब्रॅनची आई व्याली आणि मेली, तेव्हा बार्टलीने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. कोलमनने त्याला बाजारात नेलं ते विकायला नव्हेच! बार्टली दरवर्षी एखादं तट्टू घेऊन तिथे उभा असायचा, तर यंदा जागा रिकामी दिसू नये म्हणून.

"अहो, मग हात सोडवून घ्यायचा होता!"

"कसा सोडवू, बाई? तुमचा नवरा इतका खूश दिसत होता. हसत होता."

हसत होता! फेलिम घाबरला की हसतो. आमच्या लग्नातसुद्धा हसत होता.

म्हणजे एकाला घ्यायचा नव्हता, एकाला द्यायचा नव्हता, आणि दोघे आपापल्या घरी मूग गिळून बसले होते. मधल्या मध्ये माझं पोर आपटलं! मी कपाळावर हात मारून घेतला. मग चहा घेतला. बिचाऱ्याच्या घरात कप दोन आणि माणूस आता एकच.

शनिवार, १२ नोव्हेंबर

ब्रॅन कोलमनकडे परत गेला. पण सरळ जाईल तर शपथ! सौदा मोडायलाही पुन्हा फेस्टीच लागला. दोघांचे हात एकमेकांत देऊन त्याने पुन्हा पंजा हाणला आणि वर म्हणाला, "एकाच घोड्याचे दोन सौदे! असं माझ्या बापालाही जमलं नव्हतं."

कोलमन घोड्याच्या आयाळीत तोंड खुपसून उभा राहिला. मलाही भरून आलं. मग फेस्टी आत येऊन लोणी आहे का विचारायला लागला आणि माझं भरून आलेलं जागच्या जागी ओसरलं.

नेस्टरबाईंना फोन केला. बिड्डी अजून कुणाला दिलेली नाही. उद्या घेऊन येतात. म्हणाल्या, "घर बघायला येते." घोडी दाखवायला नव्हे, घर बघायला!

रविवार, १३ नोव्हेंबर

माझं डोकं अजून ठिकाणावर नाही.

बिड्डी आली. पोट सुटलेलं, पापण्या पांढऱ्या, पायाशी कुत्रं घुटमळलं तरी ढिम्म. मुरिन आधी दारामागे होती. नेस्टरबाईंनी तिला बोलावलंच नाही. ब्रश कुंपणावर ठेवला आणि माझ्याशी पावसापाण्याचं बोलत बसल्या. थोड्या वेळाने बघते तर पोरगी घोडीची मान घासतेय. मग आपणहून म्हणाली, बसू का?

दोर मी धरला. या वेळी दुसऱ्या कुणावर विसंबायचं नाही असं ठरवलंच होतं. "टाचा खाली," म्हटलं. "पुढे बघ. घट्ट धर. इतकं घट्ट नको. सांभाळ!" बिड्डी थांबली. कान मागे, जागची हलेना. मी दोर ओढला. नाहीच.

"पोरी, दोर इकडे दे," नेस्टरबाई मला म्हणाल्या. "आणि जरा आत जा."

खिडकीतून बघितलं. घोडी चालत होती. फेऱ्यांवर फेऱ्या. मुरिन तिच्या कानात काहीतरी सांगत होती.

मग नेस्टरबाई दारात आल्या. "घोडी पोरीला चालेल. पोर घोडीला चालेल. तू नाही चालणार."

"काय?"

"तू कुंपणाशी आलीस की पोर श्वास रोखून धरते. बिड्डीला ते पाठीवर कळतं. घोडी ठेवून जाते, पण मुरिन बसेल तेव्हा तू घरात. कबूल नसेल तर आताच परत नेते."

माझी मुलगी! इतके दिवस या घरात एकटी मीच अक्कल शाबूत ठेवून होते, आणि मीच नको! फेलिमकडे बघितलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता. त्या बाईला काय माहीत, पडताना पोरीला मी बघितलंय! त्यांच्या तोंडावर कबूल म्हटलं आणि आत येऊन बटाट्यांवर राग काढला.

सोमवार, १४ नोव्हेंबर

सकाळी लापशी वाढताना मुरिनला विचारलं, "अजून वाटते का गं भीती घोड्याची?"

"घोड्याची नव्हती वाटत, आई," ती म्हणाली.

शाळेतून आल्यावर ती कुरणात गेली. मी स्वयंपाकघरात आहे. पडदा ओढलाय.