लाज धरा, आजी!

मंगळवार, दुपार

लाडक्या ठमाबाईस आजीचा पोटभर आशीर्वाद. तू बरी असशील असं धरून चालते. फोन उचलत नाहीस, मग दुसरं काय करू?

तर काल आधी आला तो लंबू. आल्या आल्या चौकटीला डोकं आपटलं. मागून झिपरी आणि जाड्या, तुझी खेळातली टोळी. म्हटलं, पोरीचं काही बरंवाईट सांगायला आले की काय! हातातलं पातेलं कुठे ठेवू सुचेना. पण ते मला तुझा खेळ दाखवायला आलेले. झिपरीला तुझी खोली ठाऊक आहे, पण सांगणार नाही, तू शपथ घातलीस म्हणे. पत्र मात्र उद्या येऊन नेते म्हणाली. म्हणून हा वेड्यावाकड्या अक्षरांचा खटाटोप.

तुझा बाबा दारातच होता. तू नोकरी सोडून खेळाच्या स्पर्धांमागे लागलीस आणि घरातून गेलीस, तेव्हापासून दुरुस्तीला आलेल्या पंख्यांच्या मोटरी घेऊन उंबऱ्याशीच स्टूल टाकतो. आत यायचं तर त्याला ओलांडून. त्या दिवशी तो उंबऱ्यावरून जे बोलला ते मी लिहीत नाही.

पोरांनी तुझा खेळ टीव्हीला जोडला आणि मलाच बसवलं! फळीवर दोघांची मारामारी. खाली पाडलेला उड्या मारत परत येतो, कडेला लटकतो. वरच्यानं कडेशी उभं राहून त्याला चढूच द्यायचं नाही, हुशारी म्हणे तीच. मी पडले, तर तिघं ओरडली, ‘आजी, लाज धरा! लाज धरा!’

मी बटणांचं ते खाली ठेवलं. म्हटलं, ‘मेल्यांनो, या वयात मला लाज शिकवता?’

झिपरी हसून लोळली. पोरं ‘लेज’ म्हणत होती, इंग्रजीत कड म्हणे.

मग जाड्या लटकला. ‘आजी, हाणा!’ मी आपली मागे सरले. लटकलेल्याच्या बोटांवर पाय कसा देऊ ग? चढला, आणि मलाच उडवलं गाढवानं. पण मजा आली हो!

झिपरी म्हणाली, ‘ठमी इथेच हरते. कड धरली की घडीभर आपल्याला कुणी मारू शकत नाही, तेवढ्यात चढायचं. ही लटकून विचार करत राहते.’

दारातून तुझा बाबा बोलला. तू गेल्यापासून तुझ्याबद्दल पहिल्यांदा. ‘वरचा हटतच नसेल, तर तिनं यायचं कसं?’

लंबूला काय कळतंय! म्हणाला, ‘काका, वरचा फार पुढे आला ना, की तोच पडतो.’

पोरं गेल्यावर बाबा उठला, स्टूल खिडकीपाशी नेलं. तिथे उजेड बरा आहे म्हणाला. त्या खिडकीसमोर नुसती भिंत, उजेड कसला डोंबलाचा!

स्टूल अजून तिथेच आहे. पण त्याचा काय नेम? दर थोड्या वेळानं मी डोकावून बघते. जेवतेस ना वेळेवर? ठमे, तू मात्र लाज धरून लटकून राहू नकोस.

दाराकडे डोळे लावून,
तुझी आजी

ता. क. पोरं रविवारी परत येणार आहेत. तुझ्या बाबानं मला दोनदा विचारलं, नक्की रविवारीच ना?