तीन फुगलेले, सहा सपाट

हॅनकॉक, रविवार, १७ सप्टेंबर २०१७

प्रिय हिल्मा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, की आता कोण गेलं. कुणी गेलेलं नाही. उलट एक मेलेला उठून बसलाय, आणि त्याला उठवलं ते तुझ्या या थोरल्या बहिणीने, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार महिने झालेले असताना. बारा वर्षं आपण नाताळच्या कार्डावर नुसती नावं लिहून पाठवतोय. आज सगळं लिहिणार आहे. कॉफी करून घे आणि बस. मी दोन ओळींत आवरणारी नाही, हे तुला नव्याने सांगायला नको.

तर क्लाइड ट्रेवारोच्या बोलिंगच्या हॉलमधली गोष्ट. त्याच्याकडचा गुण मांडणारा कंप्युटर गेली दोन वर्षं आजारी होता. सकाळी बटण दाबलं की पंखा दोन क्षण फिरायचा आणि गप्प. पाच-सहादा दाबलं की कधीतरी सुरू व्हायचा. मग या शहाण्याला शोध लागला की यंत्राला ऊब दिली की ते लवकर उठतं. म्हणून रोज सकाळी हा बायकोचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन त्याच्या पोटात गरम हवा मारत बसायचा. त्याची बायको गावभर सांगत होती, की माझ्या केसांना या माणसाने तीस वर्षांत इतकं जपलं नाही. ऑगस्टमध्ये ड्रायरचाही उपाय संपला. आता तू म्हणशील, पेन्सिलीने गुण मांडा की. पण पिना उभ्या करणारी यंत्रंसुद्धा त्या कंप्युटरच्याच इशाऱ्यावर खाली येतात. आणि नवा कंप्युटर आणावा, तर आठ लेन सांभाळणारं जे कार्ड आहे ते नव्या मदरबोर्डात बसतच नाही, आणि ते कार्ड बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली.

पंधरा तारखेच्या शुक्रवारी बायकांच्या लीगचा साठावा हंगाम सुरू व्हायचा होता. हूटनच्या एका माणसाला बोलिंगची जागा हिवाळ्यात बोटी ठेवायला विकत हवीय, आणि क्लाइड थकलाय. त्याने सरळ सांगून टाकलं होतं, शुक्रवारी पिना पडल्या नाहीत तर शनिवारी मी सही करून मोकळा. तुला ठाऊक आहे इथला हिवाळा. सहा महिने बर्फ उपसायचा, आणि शुक्रवारी तळलेला मासा खाऊन चार चेंडू टाकायचे, एवढंच आम्हा म्हाताऱ्यांच्या वाट्याला असतं. ते गेलं असतं तर आम्ही घरात बसून एकमेकींच्या तब्येतीच्या चौकशा करत मेलो असतो.

हूटनहून एक इंजिनियर येऊन बघून गेला. पाच मिनिटांत म्हणाला, फेकून द्या. मग सोमवारी क्लाइड ते धूड घोंगडीत गुंडाळून माझ्या दारात. मान खाली घालून विचारतो, एल्मा, अजून हात चालतो का तुझा? मी म्हटलं, जीभ चालते तोवर हातही चालेल, ठेव तिथे टेबलावर.

अगं, झाकण काढलं आणि मला हसूच आलं. प्रोसेसरच्या शेजारी नऊ कपॅसिटरांची, त्या इवल्या नळकांड्यांची, रांग, त्यातल्या तिघांची डोकी खराब झालेल्या बीन्सच्या डब्यासारखी वर आलेली, एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट खरकटं. त्या काळातल्या बोर्डांचा तोच रोग. फेकून द्या म्हणणाऱ्याने वाकून बघितलंसुद्धा नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय. आपल्या दुरुस्तीच्या दुकानातल्या जुन्या खणात नेमके तीन चांगले निघाले. जुना काढला, तो ज्या तोंडाने बसला होता त्याच तोंडाने नवा बसवला, एकेक करून तिन्ही. मंगळवारी दुपारी बटण दाबलं. पंखा दोन क्षण फिरला आणि गप्प.

तुझं एक पालुपद होतं ना, की रांगेतला एक गेला की त्याच्या भावांनाही गेलेच समज, वर बघून माणूस आणि कपॅसिटर कळत नाही. मी तुला उधळी म्हणायची. मला वाटायचं, डोकं सपाट आहे, पायाशी घाण नाही, मग चांगल्याला का छळायचं? मंगळवारी नाक मुठीत धरून उरलेले सहा बाहेर काढले आणि मीटरला लावले. सहाच्या सहा आतून सुकलेले. वरून अगदी शहाण्यासारखे सपाट, आणि आत काही नाही. फुगलेल्या तिघांनी निदान आपलं दुखणं दाखवलं तरी. नवे सहा मागवले, ते गुरुवारी सकाळी आले.

आणि इथे मी माती खाल्ली. सगळे एकदम काढताना कुणाचं तोंड कुठे होतं ते मी लिहून ठेवलं नव्हतं. तू सोल्डरिंगची इस्त्री तापवायच्या आधी कागदावर रांग काढायचीस, प्रत्येकाचा वजाकडचा पांढरा पट्टा कुठल्या अंगाला आहे ते दाखवायचीस, आणि मी त्याला भरतकामाचा नमुना म्हणून हसायची. मला कशाला हवा कागद? बोर्डावर छापलेलंच असतं की, गोलाचा अर्धा भाग भरीव, तो वजा पायाचा. चाळीस वर्षं तेच बघत आले. सहाही बसवले, कथील लावलं, वायर खुपसली आणि बटणाकडे हात नेला.

तेवढ्यात रांगेवर नजर गेली. नऊ जण एका ओळीत, पण मंगळवारच्या तिघांचे पट्टे डावीकडे आणि आत्ताच्या सहांचे उजवीकडे. मी हात मागे घेतला. ते तीन तर जुन्यांच्याच तोंडाने बसवले होते, आणि जुने त्या तोंडाने चौदा वर्षं चालले होते. म्हणजे तीन बरोबर आणि सहा उलटे. वायर काढली, मीटर घेतला आणि छापील भरीव अर्धा भाग खरंच वजाला जोडलाय का ते तपासलं. नव्हता. त्या कंपनीने भरीव अर्धा भाग अधिक पायाखाली छापला होता. जगाच्या उलट. बटण दाबलं असतं तर सहाही फुटले असते आणि सगळं खाक झालं असतं.

सहाही पुन्हा काढले, फिरवून बसवले, या खेपेला आधी कागद काढून. शुक्रवारी सकाळी कंप्युटर क्लाइडकडे नेला. तो सवयीने ड्रायर घेऊन उभा. मी म्हटलं, तो बायकोला दे. थंडगार यंत्र, बटण एकदा दाबलं, फक्त एकदा. आठही पडदे लागले, आणि आठही लेनवर पिना धाडकन खाली येऊन उभ्या राहिल्या. काय सांगू तुला हिल्मा, मला नाचावंसं वाटलं, आणि गुडघे साथ देत असते तर नाचलेही असते. क्लाइडने टोपी काढली, आत गेला आणि बटाटे सोलायला लागला. अर्ध्या तासाने बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. कांद्याने, म्हणाला. कांदा मला तरी कुठे दिसला नाही.

पण गुरुवारची एक गोष्ट राहिली. सहा कपॅसिटर फिरवायच्या आधी मी मागे सॉनाशेजारच्या लाकडांच्या खोलीत गेले होते. तिथे लायब्ररीचा तो जळका बोर्ड अजून पडलाय. बारा वर्षं मी तो फेकला नाही, का ते मला सांगता येणार नाही. पुसून उजेडात धरला. तीच कंपनी. तोच भरीव अर्धा भाग, अधिक पायाखाली. त्या दिवशी कपॅसिटर मी बसवले होते आणि कथील तू लावलंस. तू म्हणाली होतीस, एल्मा, थांब, आधी कागद काढू दे, आणि मी खेकसले होते, की आयडा ताटकळलीय, भरतकाम नंतर कर. बटण दाबलं, धूर झाला, डिस्क गेली आणि आयडा कोस्किनेनने दोन हिवाळे बसून टाइप केलेली अकरा हजार पुस्तकांची यादी गेली. मी छापल्याप्रमाणेच बसवले होते, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून चूक तुझीच असणार, तू मागाहून काढून उलटे घातले असणार, असं मी आयडाला सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. तू एकदाही उलट बोलली नाहीस. तुझी इस्त्री पुसून खणात ठेवलीस आणि वसंतात वाळवंटातल्या टूसॉनला निघून गेलीस. मी मनात म्हणत राहिले, खाई त्याला खवखवे.

चूक माझी होती, हिल्मा. सगळी माझी. छपाई उलटी होती हे खरं, पण तुला कागद काढू दिला असता तर ती तेव्हाच कळली असती. हे फक्त तुला पत्रात लिहून भागणार नव्हतं, कारण खोटं मी गावभर सांगितलं होतं. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी, आठही लेन भरलेल्या असताना, मी क्लाइडच्या हातातला माइक घेतला आणि तुझं नाव घेऊन सगळं सांगितलं. एकाही बाईने चेंडू टाकला नाही. आयडा आता त्र्याऐंशीची आहे, चेंडू छातीशी धरून उभी होती. म्हणाली, माझे दोन हिवाळे सोड, त्या पोरीला बारा वर्षं वाळवंटात ठेवलंस त्याचं काय करणार आहेस? मी माइक क्लाइडला परत दिला. मग आयडानेच क्लाइडला आमच्या संघाच्या यादीत चौथं नाव घालायला लावलं. लीगचा नियम तुला ठाऊक आहे, यादीतली बाई आली नाही तर तिच्या जुन्या सरासरीतून दहा वजा करून गुण धरतात. तुझी सरासरी एकशे अठ्ठेचाळीस निघाली, म्हणून पाचव्या लेनच्या पडद्यावर तुझ्या नावापुढे एकशे अडतीस लागले. आम्ही सात गुणांनी हरलो. हंगाम मेपर्यंत आहे. मागची खोली मी झाडून ठेवलीय. ये, आणि ते दहा गुण परत घे.

तुझीच,
एल्मा