सिस्टरबाईंनी वाचलेला कागद

सिस्टर,

आज दुपारी तांदळाची पेज केली आणि तुमची स्वयंपाकाची खोली आठवली. धानोऱ्याच्या पुढं जंगलात तुमचा तो दोन खोल्यांचा मिशनचा दवाखाना, मागं कौलारू पडवी आणि तिथं चुलीवर रटरटणारी पेज. तुमच्या केरळात तिला कंजी म्हणतात हे मला तुम्हीच सांगितलं. मी बल्लारपूरची, कागद कारखान्यातल्या कामगाराची मुलगी. पेज म्हणजे आजाऱ्याचं जेवण, एवढंच मला ठाऊक. नर्सिंगचा कोर्स संपवून मी तुमच्याकडे कामाला लागले, त्या पहिल्या दुपारी तुम्ही ताटली पुढं ठेवलीत तेव्हा मी विचारलं, ‘‘आजारी कोण आहे?’’ तुम्ही म्हणालात, ‘‘कोणीच नाई. आपल्याले भूक लागली.’’ केरळची बाई अशी बोलते म्हणून मला हसू फुटलं. तुम्ही मराठी पुस्तकातून शिकलाच नव्हतात. दवाखान्यात येणाऱ्या बायांकडून जशी मिळाली तशी उचललीत, ‘मले’ न् ‘काऊन’सकट.

निघताना माझ्या बाबांनी एकच विचारलं होतं, ‘‘तिथी तुले ख्रिश्चन तर नाई करनार?’’ आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाले, ‘‘आपन एक डाव बदललो, तेवढं पुरे.’’ आमच्या घरात धर्म बदलणं ही अभिमानाची गोष्ट, आजोबांनी बौद्ध होऊन केलेली. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही कितीतरी वेळ हसत होतात. रोज पहाटे तुम्ही प्रार्थनेच्या खोलीत गुडघे टेकायचात आणि मी बाहेरच्या पायरीवर बसून पट्ट्या गुंडाळायचे. तुम्ही मला एकदाही आत बोलावलं नाही. बाहेर थांब, असंही कधी म्हणाला नाहीत. दार मात्र उघडं असायचं.

तुमचं रागावणंही आठवतं. दवाखाना बंद करायच्या वेळी एक म्हातारी आली, अंगात ताप, पायाला चिखल. मी तिच्यावर ओरडले, ही काय यायची वेळ आहे म्हणून. तुम्ही आतून आलात, तिला बाकावर टेकवलंत, तिचे पाय धुतलेत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘‘ते आपल्या पायानं चालत आली. तुया घड्याळानं नाई आली.’’ मी अजूनही सरकारी दवाखान्यात रोज कुणाला ना कुणाला थांबवून ठेवते, आणि दर वेळी जीभ चावते.

मग तो उन्हाळा आला. गावामागच्या डोंगरावर खाण होणार अशी बोलवा होतीच. एक दिवस दोघेजण मोटारसायकलवर आले आणि सभेची हजेरी म्हणून घरोघरी अंगठे घेऊ लागले. पोलीस पाटलाच्या बायकोनं त्यातला एक कागद लपवून तुमच्याकडे आणला. तुम्ही अक्षरावर बोट ठेवून वाचत होतात, मी तुमच्या खांद्यावरून वाचला. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं की खाली अंगठा देणाऱ्या सर्वांची खाणीस संमती आहे. हजेरीचा त्यात शब्दही नव्हता.

त्याच आठवड्यात तुमच्या वरच्या मदरचं पत्र आलं होतं. तुम्ही ते मला वाचून दाखवलंत. रोग्यांची सेवा करा, राजकारणात पडू नका, आपल्यावर आधीच लोकांची नजर आहे. मी म्हणाले, बरोबरच आहे त्यांचं. तुम्ही पेजेची ताटली खाली ठेवलीत. ‘‘मी रोज सकाळी देवाले भाकर मागते. मंग ते भाकर ज्या डोंगरातून येते, त्या डोंगराचं नाव घेतलं का राजकारण होते? काऊन?’’ तुम्ही लगेच मदरना उलट पत्र लिहायला बसलात आणि चार कागद फाडलेत. भीती तुम्हालाही वाटत होती, सिस्टर.

गोटुलात, म्हणजे गावाच्या सामायिक घरात, सभा ठरली. आदल्या संध्याकाळी तुम्ही तो कागद माझ्या हातात दिलात. ‘‘उद्या तू वाच. मी वाचलं तर म्हनतील चर्चनं शिकवलं. तू इथलीच पोर आहेस. अन् तुयं मराठी चांगलं आहे.’’ मी हो म्हणाले. त्या वेळी सरकारी नर्सच्या जागेसाठी माझा अर्ज गेलेला, पोलीस तपासणी व्हायची होती. सकाळी मी तुम्हाला खुणेनं सांगितलं, घसा बसलाय. माझा घसा ठणठणीत होता. तुम्ही बॅटरी लावून घशात पाहिलंत. तुम्हाला सगळं कळलं असणार, वीस वर्षांचा अनुभव तुमचा. तुम्ही फक्त म्हणालात, ‘‘मिठाच्या पान्यानं गुळण्या कर,’’ आणि कागद परत घेतलात.

अजून दिसतं मला ते सारं. गोटुलात पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला, ते दोघे मोटारसायकलवाले खुर्चीवर. तुम्ही बायांमध्ये खाली बसला आहात, मी दाराशी. तुम्ही उभ्या राहता आणि वाचू लागता. एकेक अक्षर जोडत, ‘संमती’ला अडखळत. हसत कोणी नाही. पोलीस पाटलाची बायको प्रत्येक ओळ गोंडीत सांगते आहे. खुर्चीवरचा एक ओरडतो, ‘‘सिस्टर, तुमचा काय संबंध?’’ तुम्ही म्हणता, ‘‘माहा नाई. ह्यांचा आहे. म्हनून मोठ्यानं वाचून राह्यली.’’ वाचून होतं. मग ती चिखलाच्या पायांची म्हातारी उठते, खुर्चीपाशी जाते आणि आपला अंगठा परत मागते. असाच शब्द तिनं वापरला, परत द्या. तिच्यामागं सगळ्या बाया.

कागद परत घ्यावे लागले त्यांना. दोन महिन्यांत तुमच्याविरुद्ध अर्ज गेला, सिस्टर लोकांना बाटवते म्हणून. चौकशीला साहेब आले. सबंध गावात बाप्तिस्मा घेतलेलं एकही माणूस त्यांना सापडलं नाही, पण तोवर मदरनी तुमची बदली केरळात केली होती. जाताना तुम्ही मला तुमची गोंडी शब्दांची वही दिलीत, कुठं दुखतं, कधीपासून, किती वेळा. बस सुटल्यावर उघडली तर सगळी मल्याळम लिपीत. तुमच्या लक्षातच आलं नव्हतं. रडता रडता हसले मी रस्त्यावर. मला नोकरी लागली. त्या डोंगरावर खाण झाली नाही. पलीकडच्या डोंगरावर झाली, तिथं कागद वाचणारं कोणी नव्हतं.

गेल्या आठवड्यात चंद्रपूरहून एक तरुण फादर आले होते. तुम्ही देवाघरी गेल्यावर आता तुमच्या आठवणी जमवतायत, तुमच्या मठाला पाठवायला. मी पुष्कळ सांगितलं, पेज, म्हातारी, घड्याळ. जाता जाता त्यांनी विचारलं, ‘‘त्या सभेत कागद कोणी वाचला होता, बाई?’’ मठाचा पत्ता त्यांनी दिलाय, समोरच आहे. पाकिटही आणलं. पण हे पत्र मी टाकणार नाही, कारण तिथं कोणीतरी ते उघडेल आणि फादरच्या वहीशी ताडून पाहील. मी त्यांना म्हणाले होते, ‘‘आम्ही वाचला.’’