अर्धं घर

मुरबाड,
मे २००३

प्रिय अण्णा,

दर पत्रात विचारतोस, ‘माझी स्लॅब कशी आहे?’ तर ऐक. सळया गंजल्या आणि छताचा मोठा पोपडा माझ्या अंथरुणावर पडला. इंजिनियर म्हणाला, वर उतरतं छप्पर घाला, नाहीतर घर सोडा. मी पत्रे घातले.

अठ्ठावन्न साली तू डोंगराच्या उतारावर हे सपाट छताचं घर बांधलंस, तेव्हा गाव म्हणालं, घर अर्धंच राहिलं. तू म्हणायचास, समोरचा सिद्धगड उंच आहे, त्याच्यापुढे आपण एक आडवी रेघ ओढायची. ती रेघ आता गेली. खालच्या रस्त्यावरून आपलं घर भाताच्या गिरणीसारखं दिसतं.

काल जनी नारळ घेऊन आली. एवढी वर्षं आपल्याकडे काम करते, पण इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. ‘बाय, आता झालं बघा घर पुरं! अण्णांना किती सांगलं, आयकलंच नाय.’ तिनं उंबऱ्यावर नारळ फोडला. मी खोबरं खाल्लं.

डॉक्टर म्हणतात, तू आता पुण्याहून इकडे येऊ शकणार नाहीस. म्हणून हे पोस्टात टाकत नाही. उद्या कार्ड पाठवीन: आज गच्चीवरून सिद्धगड स्वच्छ दिसला.

तुझी,
कुमुद